समूहाने सायकल-सहल : देहूरोड ते कार्ले

सहल म्हटली की आपल्याकडे प्रथम बसची चौकशी होते. गाडी ठरते, वर्गणी गोळा होते, खिडकीजवळ कोणी बसायचे यावर मुलांची भांडणे होतात आणि अजिंठा किंवा महाड पाहून मंडळी रात्री उशिरा जांभया देत घरी पोहोचतात. या सहलींना आमचा मुळीच विरोध नाही. वृद्ध माता-पित्यांना ती स्थळे दाखविण्याचा दुसरा मार्ग नाही. परंतु पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या अगदी हाताशी अशी दोन-तीन ठिकाणे आहेत की, जेथे धडधाकट माणसाने बसने जावे याचे आम्हांस नवल वाटते. देहूरोडचे बुद्धविहार पुणे स्टेशनपासून २५ किलोमीटरच्या आसपास आहे. तेथून पुढे जुन्या मुंबई रस्त्याने कार्ले आणि भाजे ही लेणी आणखी ३०-३२ किलोमीटरवर आहेत. एवढे अंतर सायकलीने, दहा-वीस जणांनी मिळून, हसतखेळत पार करता येते. गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळाच्या काही सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी हा उपक्रम करून पाहिला आहे. त्यात नव्याने येऊ इच्छिणाऱ्यांनी काय तयारी करावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

सायकलीचे नाव काढले की काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्ही जाणून आहोत. आपल्या वडील पिढीतील कितीतरी माणसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आणि देहूरोडच्या लष्करी डेपोत आयुष्यभर सायकलीने गेली. हँडलला जेवणाचा डबा, कॅरिअरला गुंडाळलेला रेनकोट आणि भोंग्याच्या आत फाटकापाशी पोहोचण्याची घाई, असे ते दिवस होते. त्या पिढीने पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविले. मुले नोकरीला लागली, आणि पहिल्या वर्षातच दारात स्कूटर आली. बँकेच्या काउंटरवर दुचाकीच्या कर्जाचे अर्ज आमच्या हाताखालून जातात. त्यावर सही करताना वडिलांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते आम्हांस पूर्ण कळते. मात्र त्याच वेळी घरातली सायकल भंगारवाल्याकडे गेली आणि तिच्याबरोबर सायकल म्हणजे गरिबीची खूण ही समजूत घरात येऊन बसली. "आमच्या मुलाने इंजिनिअर होऊन सायकल चालवायची का?" असे आम्हांला सरळ विचारण्यात आले आहे. आमचे उत्तर असे की, ज्या वाहनावर बसून आपले वडील स्वाभिमानाने कामावर गेले त्याची लाज मुलांना वाटावी, हे काही शिक्षणाचे लक्षण नव्हे. असो.

आता स्थळांविषयी थोडे. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या हस्ते रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे देहूरोड त्याहून जवळजवळ दोन वर्षे आधीचे आहे. दरवर्षी २५ डिसेंबरला तेथे मोठी गर्दी लोटते, म्हणून नवशिक्यांची सायकल-सहल त्या दिवशी मुळीच ठेवू नये. तीच गोष्ट १ जानेवारीच्या कोरेगाव भीमाची. अभिवादनाला अवश्य जावे, परंतु त्या दिवशी नगर रस्त्यावर सायकलींचा जथा घेऊन शिरणे स्वतःलाही त्रासाचे आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांनाही त्रासाचे होते.

काळ म्हणाल तर दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा उत्तम. भगवंतांनी भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहण्यास सांगितले, कारण चारिका करताना कोवळी पिके आणि बारीकसारीक जीव पायांखाली तुडविले जातात अशी लोकांची तक्रार होती. आपले कारण अधिक व्यावहारिक आहे. ओल्या रिमवर ब्रेकचे रबर घसरते, गाडी थांबायला नेहमीच्या मानाने बरेच अधिक अंतर लागते, आणि मावळातला पाऊस म्हणजे समोरची सायकलसुद्धा दिसेनाशी करणारा पाऊस. मार्चनंतर ऊन भाजून काढते. थंडीत मात्र वडगाव-कामशेतच्या पट्ट्यात पहाटे धुके असते, म्हणून चांगले उजाडल्याशिवाय निघू नये. 'लवकर निघू, लवकर पोहोचू' हा उत्साह धुक्यात उपयोगाचा नाही. मागून येणाऱ्या ट्रकचालकाला आपण दिसत नाही, इतकाच त्याचा अर्थ होतो.

सायकलीची तयारी

सायकल नवी किंवा गिअरची असलीच पाहिजे असे नाही. २८ इंची चाकांची साधी काळी सायकलसुद्धा कार्ल्यापर्यंत आरामात जाते. आमच्या एका सहलीत पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा एक विद्यार्थी आपली जुनी सायकल घेऊन आला होता. "ही पोहोचेल का रे?" असे दोघांनी त्याला हसत विचारले. सोमाटणे फाट्याच्या पुढे त्या दोघांपैकी एकाची महागडी सायकल पंक्चर झाली, तेव्हा चाक खोलून पंधरा-वीस मिनिटांत ती चालू करून देणारा हाच मुलगा होता. रोज वापरातली सायकल माणसाच्या ओळखीची असते. तिचा कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता नवा हे त्याला कळते. बंद पडून राहिलेल्या उंची सायकलीपेक्षा अशी सायकल केव्हाही बरी.

सहलीच्या निदान आठ दिवस आधी सायकल दुकानात दाखवावी, आदल्या संध्याकाळी नव्हे. आदल्या दिवशी बसविलेली नवी ब्रेकची वायर ताणून सैल पडते आणि ते नेमके उतारावर समजते. चाक हातात उचलून फिरवावे. ते डावी-उजवीकडे लचकत असेल तर 'आऊट' आहे. तारा आवळून ते सरळ करून घ्यावे. पायडल पुढे-मागे हलवून क्रँकची कॉटर पिन सैल नाही ना ते पाहावे. सैल पिन मैलभर नुसती टकटक करते, आणि नंतर पायडल मारताना एकाएकी झटका देते. ब्रेकचे रबर रिमवर सपाट बसले पाहिजे. टायरला घासत असेल तर टायर कापला जातो. चेनला तेल द्यावे, पण ते द्यायचे चेनला. रिमवर तेलाचा एक थेंब पडला तरी ब्रेक निकामी. तेल दिल्यावर वरचे ओघळ फडक्याने पुसून काढावेत, कारण धूळ त्यालाच चिकटते.

हवेबाबत मंडळी फार निष्काळजी असतात. टायरच्या कडेवर किती हवा भरावी याचा आकडा छापलेला असतो, तो वाचावा. हवा कमी असेल तर दुप्पट जोर लागतो, आणि खड्ड्यात चाक आदळले की ट्यूब रिम आणि टायर यांच्यात चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. पंक्चर काढताना एकच भोक बुजवून मोकळे होणारे पुष्कळ पाहिले आहेत. तसेच काटा ट्यूबमधून निघाला तरी टायरमध्ये राहिलेला असतो. टायरच्या आतून बोटे हळुवार फिरवून तो शोधावा, नाहीतर पुढच्या अर्ध्या मैलात पुन्हा खाली बसावे लागते. आणखी एक गोष्ट : सोल्युशन लावल्याबरोबर पॅच चिकटवू नये. भोकाभोवतीची जागा कानशीने खरवडून, सोल्युशन पातळ पसरून, ते चार-पाच मिनिटे वाळू द्यावे. बोटाला ओले लागेनासे झाले की मग पॅच दाबावा. घाई करणाऱ्याचा पॅच सुटतो. हे काम प्रत्येकाने, मुलींनीसुद्धा, घरी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे.

सीटची उंची हा दुर्लक्षित पण महत्त्वाचा भाग. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चालविताना पावलाचा पुढचा भाग पायडलवर येतो आणि गुडघ्यात थोडासा बाक राहतो. सीट खाली ठेवून चालविणाऱ्याचे गुडघे पुढच्या बाजूने दुखू लागतात, आणि तो 'माझे वय झाले' असे म्हणून पुढच्या खेपेस येत नाही. वय झालेले नसते, सीट दोन इंच खाली असते.

सराव आणि प्रकृती

ज्याने वर्षानुवर्षे सायकल चालविली नाही त्याने पंधरा-वीस दिवस आधी सुरुवात करावी. पहिले चार दिवस रोज पाच-सहा किलोमीटर, मग दहा, आणि रविवारी एकदा वीस. सहलीच्या आधीच्या रविवारी सलग तीस किलोमीटर झाले की कार्ल्याची चिंता करू नये. सहलीच्या आदल्या दिवशी विश्रांती घ्यावी. साध्या सायकलीचा समूहातला वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर धरावा. म्हणजे तीस-बत्तीस किलोमीटरला थांबे धरून तीन तास लागतात.

पाणी तहान लागण्यापूर्वी प्यावे. तासाला अर्धा लिटर, उन्हात त्याहून अधिक. लिटरभर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, हे घरगुती मिश्रण एका बाटलीत असावे. चमचा चहाचा, जेवणाचा नव्हे. गूळ-शेंगदाणे, केळी, दशमी हे खाणे सर्वांत चांगले. दर तासाला थोडे खावे. पोट रिकामे राहिले की पायांतला जोर एकाएकी नाहीसा होतो, आणि मग खाल्लेले अंगी लागायला वेळ जातो. तेलकट वडे परतीच्या शेवटच्या थांब्यासाठी राखून ठेवावेत.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहिणे आवश्यक आहे. विदर्भातून नोकरीनिमित्त इकडे स्थायिक झालेली आपली पुष्कळ कुटुंबे आहेत, आणि तिकडे आपल्या समाजात सिकलसेलचा आजार बऱ्याच घरांत आढळतो. हा आजार असलेल्या व्यक्तीला अति श्रम, शरीरातील पाणी कमी होणे आणि थंडी या तिन्ही गोष्टींनी तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. थंडीतल्या पहाटे निघणाऱ्या सायकल-सहलीत या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून असा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारल्याशिवाय येऊ नये. ज्यांच्यात तो केवळ वाहक स्वरूपात आहे ते सहसा निरोगी असतात, तरी त्यांनीही पाण्याकडे अधिक लक्ष द्यावे आणि चढावर जिद्दीला पेटू नये. ही माहिती संयोजकाला एकांतात सांगावी आणि संयोजकाने ती स्वतःपाशीच ठेवावी. लग्नाच्या बोलण्यांत या गोष्टीचा बभ्रा होतो या भीतीने मुले-मुली ती लपवितात, हे आपण सर्व जाणतो. ती भीती वाटू न देणे ही आपली जबाबदारी आहे. हृदयविकार, दमा आणि मधुमेह असलेल्यांनाही डॉक्टरांचा सल्ला तितकाच लागू आहे. मधुमेही माणसाने खिशात साखर ठेवावी आणि शेजाऱ्याला ती कोठे आहे ते सांगून ठेवावे.

समूहाने चालण्याची रीत

एकट्याने सायकल चालविणे आणि समूहात चालविणे यांत फरक आहे. एकटा माणूस मनास येईल तेव्हा वळतो, थांबतो. समूहात त्याच्या मागे आणखी आठ माणसे असतात. म्हणून पहिली सवय ही की, काहीही एकाएकी करायचे नाही. खड्डा दिसला की "खड्डा" असे ओरडून हाताने दाखवावे, थांबायचे असेल तर आधी "थांबतोय" म्हणावे आणि हळूहळू कडेला यावे. दोन सायकलींमध्ये निदान दीड-दोन सायकलींचे अंतर ठेवावे. आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही जाऊ देऊ नये. पुढचा माणूस वीतभर सरकला तरी चाकाला चाक लागते, आणि गंमत अशी की पडतो तो मागचा. पुढच्याला बहुधा कळतही नाही. उतारावर दोन्ही ब्रेक एकदम, बेताने दाबावेत. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो.

महामार्गावर एकामागे एक, डाव्या कडेने चालावे. गप्पा मारण्यासाठी थांबे आहेत. वीस जण असतील तर आठ-दहांच्या दोन तुकड्या कराव्यात आणि त्यांच्यात शे-दोनशे मीटर जागा सोडावी, म्हणजे मागच्या गाडीला टप्प्याटप्प्याने पुढे जाता येते. वीस सायकलींची सलग रांग ओलांडण्याच्या नादात गाडीवाला मध्येच आत घुसतो.

प्रत्येक तुकडीत दोन माणसे ठरलेली असावीत : पुढे वाटाड्या आणि मागे शेवटचा माणूस. वाटाड्या रस्ता माहीत असलेला, संथ स्वभावाचा हवा. हौशी तरुण पुढे ठेवला की तो वाऱ्यासारखा जातो. शेवटचा माणूस त्याहून महत्त्वाचा. पंप, पाने, पॅच, एक जादा ट्यूब आणि प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याजवळ असावी. त्याच्या मागे कोणी राहता कामा नये. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजावीत आणि शेवटचा माणूस आल्यावर लगेच निघू नये. त्यालाही पाणी पिऊ द्यावे. मागून येणारा दमून टेकतो न टेकतो तोच पुढची ताजी झालेली मंडळी "चला, चला" करतात, हा समूहांतला नेहमीचा अन्याय आहे.

वेग कोणाचा? सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा. याबाबतीत तडजोड नसावी असे आमचे ठाम मत आहे. आमच्या परिचयातील दोन मुली एका दुसऱ्या गटाबरोबर गेल्या होत्या. कामशेतच्या चढावर त्या मागे पडल्या, पुढचे पुढे निघून गेले, आणि एकीच्या सायकलीची चेन अडकली. अर्धा-पाऊण तास त्या दोघी महामार्गाच्या कडेला उभ्या होत्या. येणारे-जाणारे गाड्या सावकाश करून पाहत होते. सुदैवाने काही वावगे घडले नाही. पण त्यानंतर त्या वस्तीतून एकाही घरातली मुलगी सायकल-सहलीला येऊ दिली गेली नाही, आणि पालकांना दोष कसा द्यायचा? पुढे गेलेल्या मुलांच्या लेखी तो अर्ध्या तासाचा प्रश्न होता. त्या मुलींच्या लेखी रस्ताच बंद झाला. म्हणून मुली असतील त्या तुकडीत शेवटी एक जाणती महिला सभासद असावीच, आणि पालकांना मार्ग, थांबे व संयोजकाचा फोन नंबर आधी लिहून द्यावा. नुसते तोंडी सांगू नये.

भगवंतांच्या काळी सोण कोळिविस नावाचे एक भिक्खू होते. अत्यंत सुखात वाढलेले. प्रव्रज्येनंतर त्यांनी चंक्रमण इतक्या हट्टाने केले की पायांतून रक्त वाहू लागले, आणि निराश होऊन घरी परतण्याचा विचार त्यांच्या मनात आला. ते पूर्वी वीणा वाजवीत. भगवंतांनी त्यांना विचारले की तारा फार ताणल्या तर नाद नीट निघत होता का? फार सैल असताना? सोणांना उत्तर कळले. विनयपिटकातील ही कथा पुष्कळांना माहीत असते. परंतु तिच्या शेवटी भगवंतांनी भिक्खूंना एका तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली, हे फारसे कोणी सांगत नाही. आम्हांस तो भाग फार आवडतो. पाय फुटले होते, तर उपदेशाबरोबर वहाणांचीही व्यवस्था झाली. आपल्याकडेही ज्याची सायकल जड आहे त्याला "जोर लाव" म्हणण्याआधी त्याच्या टायरमध्ये हवा आहे का ते पाहावे आणि त्याच्या पाठीवरचे ओझे दुसऱ्याच्या कॅरिअरला बांधावे.

कपड्यांविषयी : वंदनेसाठी पांढरे कपडे हवेत, पण ते घालून सायकल चालवू नये. चेनचे काळे तेल पांढऱ्या कापडावरून निघत नाही, हे घरातल्या माता-भगिनींना विचारावे. पांढरे कपडे पिशवीत न्यावेत आणि विहारात बदलावेत. जाड शिवणीची जीन्स पँट तासाभरात बोचू लागते. सैल सुती पँट किंवा सलवार बरी, तिचा उजवा पाय घोट्यापाशी रबराने आवळावा. ओढणी मागे गाठ मारून बांधलेली असावी. चाकात ओढणी गुंतून झालेले अपघात आपण वर्तमानपत्रांत वाचतो. चप्पल नको, बूट हवेत. हेल्मेट सर्वांनी घालावे. ते परवडत नाही म्हणून कोणी मागे राहत असेल, तर मंडळाने आठ-दहा हेल्मेट घेऊन ठेवून आळीपाळीने द्यावीत. एका स्वागत समारंभातील हारतुरे वाचविले तरी हा खर्च बराचसा निघतो. निळा किंवा पंचशील ध्वज वाटाड्याच्या सायकलीला मागच्या बाजूस बांधावा. हँडलला उंच काठी बांधली तर वाऱ्याने हँडल ओढले जाते. घोषणा निघताना आणि पोहोचल्यावर द्याव्यात. चढावर देऊ नयेत, तेथे श्वास दुसऱ्या कामाला लागतो.

रस्ता

पहिली सहल पुण्याहून देहूरोड आणि परत, एवढीच ठेवावी. दापोडीपासून निगडीपर्यंत रस्ता रुंद असला तरी मधल्या मार्गिकांमध्ये गाड्या फार वेगाने जातात. आपण बाजूच्या सेवा रस्त्याने जावे आणि भुयारी मार्गांत शिरू नये. दुसरी सहल देहूरोडहून सुरू करावी. सकाळी विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन निघावे. तळेगाव दाभाडे येथे बाबासाहेबांचे निवासस्थान होते. वेळ असल्यास तेथे वाट वाकडी करून जावे. पुढे वडगाव, आणि मग कामशेतजवळचा चढ. तो मोठा नाही, पण नवख्याला मोठा वाटतो. उतरून सायकल हाताने ढकलण्यात काही कमीपणा नाही. द्रुतगती महामार्गावर सायकलींना बंदी आहे. चुकूनही त्याच्या पाटीकडे वळू नये, सर्व मार्ग जुन्या रस्त्याचाच धरावा.

कार्ला फाट्यावर सर्वांत सांभाळायचे. पुण्याकडून जाताना लेणी उजव्या हाताला आहेत, म्हणजे सगळा महामार्ग ओलांडावा लागतो. तेथे सायकलीवरून उजवीकडे वळू नये. सर्वांनी डाव्या कडेला उतरून जमावे, दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की एकदम चालत ओलांडावे. भाजे लेणी याच फाट्यावरून डावीकडे, मळवली स्टेशनच्या बाजूला आहेत. नवशिक्यांनी एका दिवसात दोन्ही करू नयेत, कारण दोन्हीकडे पायऱ्या आहेत आणि पाय आधीच थकलेले असतात. रविवारी कार्ल्याला एकवीरा देवीच्या भाविकांची गर्दी असते. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बँकांना आणि पुष्कळ कार्यालयांना सुट्टी असते, तो दिवस त्या मानाने बरा. सायकली पायथ्याशी एकत्र लावून, चाकांतून साखळी ओवून, दोघांना आळीपाळीने राखणीला बसवावे.

वर गेल्यावर घाई करू नये. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे, आणि छताच्या मूळ लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. विद्यार्थ्यांनी तेथील शिलालेख अवश्य पाहावेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव सर्वांना सांगितले जाते, परंतु खांबांवर आणि दारांवर इतर कितीतरी दात्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सामी नावाचा सुतार आहे. कोणी एक खांब दिला, कोणी एक दार. एवढे मोठे काम असे वाटून झाले. सायकलीवरून आलेल्या माणसाला वरच्या गार सावलीत ती नावे वाचताना वेगळाच आनंद होतो, तो बसने येणाऱ्याला नसतो असे आम्ही म्हणणार नाही, पण थोडा कमी असावा अशी शंका आहे.

परतीचा विचार निघतानाच करावा. थंडीत सहाच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून कार्ल्याहून दुपारी दोनच्या आत निघालेच पाहिजे. तरीही प्रत्येक सायकलीला मागे लाल परावर्तक आणि पुढे दिवा असावा. लोकलच्या डब्यात वीस सायकली चढविता येतील या भरवशावर कोणी राहू नये. ज्यांना परत चालविणे झेपणार नाही त्यांच्यासाठी मालवाहू टेम्पो आधी ठरवावा आणि त्याचे भाडे वर्गणीतच धरावे, म्हणजे टेम्पोत बसणाऱ्याला वेगळे पैसे काढण्याचा संकोच पडत नाही. वर्गणीचा जमाखर्च त्याच आठवड्यात फलकावर लावावा. उरलेले पॅच आणि सोल्युशन मंडळाच्या पेटीत जमा करावे. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत वाळून जाते, म्हणून तिच्यावर तारीख लिहून ठेवावी. आणि घरी पोहोचल्याचा निरोप प्रत्येकाने शेवटच्या माणसाला द्यावा. त्याच्याजवळ सकाळची यादी असते, आणि सर्व नावांपुढे खूण होईपर्यंत त्याचे काम संपलेले नसते.